डाव्या कॉलरवरचा केस

वसईतल्या सागरतीर सार्वजनिक वाचनालयाकडे अकरा हजार चारशे पुस्तके होती, सात पंखे होते आणि वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी काढण्यासाठी लांबलचक बाके होती. संस्थापकांचे तैलचित्र मात्र नव्हते. पन्नास वर्षे ही उणीव कोणाला जाणवली नाही. २००३ सालच्या जून महिन्यात एका परिपत्रकाने ती जाणवून दिली. ज्या वाचनालयाला वरचा वर्ग हवा असेल त्याच्या दर्शनी भिंतीवर संस्थापकांचे 'हाताने रंगविलेले तैलचित्र' असणे आवश्यक आहे, असे परिपत्रकाच्या चौथ्या परिच्छेदात म्हटले होते. पुस्तके किती असावीत याविषयी परिच्छेद नव्हता.

वाचनालयाचे कार्यवाह रमेश पाध्ये हे मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. राहायला विरारला चंदनसारला. त्यांनी परिपत्रक तीनदा वाचले, चौथ्या परिच्छेदाखाली लाल रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेबियन तुस्कानोच्या दारात उभे राहिले.

फेबियनचे नाव सुचणे साहजिकच होते. पापडीपासून भुईगावापर्यंतच्या पट्ट्यात ज्या घरात फेबियनने रंगवलेला आजोबा नाही, ते घर नवीन समजावे, अशी परिस्थिती होती. नवरा-नवरी, गावचे पाटील, चर्चमधले संत, सगळे त्याने तैलरंगात काढले होते. पण दोन वर्षांपूर्वी त्याला धाप लागू लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, घर तपासले आणि सांगितले, "टर्पेंटाइन किंवा श्वास. दोन्ही मिळणार नाही." निवड कॅथरिनने केली. ती त्याची बायको आणि शाळेत गणिताची शिक्षिका. तिने त्याच दुपारी रंगांच्या नळ्या, बाटल्या आणि सगळे ब्रश पोत्यात भरून भंगारवाल्याला दिले आणि वर त्याला हात धुऊन जायला सांगितले.

मग फेबियनने संगणक घेतला आणि त्याला जोडायची, पेनाने चित्र काढायची एक इलेक्ट्रॉनिक पाटी घेतली. पहिले तीन महिने त्याने त्या पाटीला नावे ठेवली. चौथ्या महिन्यात हात बसला. प्रत्येक फटकारा तो पूर्वीसारखाच स्वतःच्या हाताने मारी. गालाच्या हाडावरचा उजेड काढायला त्याला पूर्वी दोन दिवस लागत, आताही दोनच लागत. फरक इतकाच की वास येत नसे, वाळण्याची वाट बघावी लागत नसे आणि संध्याकाळी हात स्वच्छ असत.

या स्वच्छ हातांनीच घात केला. "आता मशीनच काढतं ना सगळं," असे त्याच्या मावशीने भर लग्नात म्हटले. ज्या घरांतून आजोबांसाठी बोलावणे येई तिथून आता लग्नपत्रिकेसाठी येऊ लागले. दोन वर्षांत त्याला कोणी चित्रकार म्हटले नव्हते. त्यामुळे पाध्ये दारात उभे राहून "चित्रकार तुस्कानो इथेच राहतात का?" असे म्हणाले, तेव्हा फेबियनने त्यांना बसायला घरातली सर्वांत चांगली खुर्ची दिली.

पाध्यांनी पडद्यावरची चित्रे पाहिली. डोळ्यांवरचा चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली.

"उत्तम," ते म्हणाले. "पण हे तैलचित्र नाही."

"नाही, सर. मला तेल चालत नाही. हाताने काढलेलं आहे, पण तेल नाही."

"हाताने आहे ना? मग निम्मं काम झालं." पाध्यांनी परिपत्रक मांडीवर उलगडले. "हे बघा, 'तैलचित्र दिसणे आवश्यक' असं पुढच्या ओळीत आहे. दर्शनी भिंतीवर दिसणे, असा त्याचा अर्थ. पण आपण शब्द जसे आहेत तसे घेऊ. शासनाला तेल नको आहे, तुस्कानो. शासनाला तैलचित्र हवं आहे."

"म्हणजे मी खोटं करायचं?"

"माध्यम तुमचं. दिसणं आमचं. यात खोटं कुठे आलं?"

कॅथरिन चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आणि तपासायला आले तर?"

"येणारच आहेत. एकतीस रकान्यांचं प्रपत्र आहे." पाध्यांनी करारनामा पुढे केला. "कलम नऊ तेवढं वाचून घ्या. त्रुटी आढळल्यास चित्रकाराने पंधरा दिवसांत, वाचनालयाच्या सभागृहात, माझ्यासमक्ष, प्रत्यक्ष तैलरंगात चित्र पुन्हा काढायचं. सभागृहाच्या खिडक्या गंजल्यामुळे उघडत नाहीत, हेही सांगून ठेवतो. नंतर तक्रार नको."

कॅथरिनने कलम नऊ वाचले आणि नवऱ्याकडे पाहिले. "सही कर," ती म्हणाली. "पण टर्पेंटाइनची बाटली डोळ्यांना दिसली तर मी त्या दिवशी माहेरी. आणि तू हॉस्पिटलात."

फेबियनने सही केली. शिक्क्यासह लेखी 'चित्रकार' दोन वर्षांनी त्याच्या नावामागे लागणार होते. त्यासाठी माणूस याहून वाईट कलमांवर सह्या करतो.

संस्थापकांचा फोटो एकच होता. वाचनालयाच्या उद्घाटनाचा, १९५३ सालचा, पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खुर्च्यांवर ओळीने सहा माणसे. पुठ्ठ्यावर शाईने लिहिले होते, 'डावीकडून दुसरे : संस्थापक'. पाध्यांनी फोटो अर्ध्या दिवसासाठी दिला. फेबियनने पुठ्ठ्यावरची ओळ वहीत उतरवून घेतली, फोटो संगणकात घेतला आणि पुठ्ठ्यासकट परत केला. फोटोत उजेड उजवीकडून येत होता. व्यक्तिचित्रात उजेड डावीकडून यावा, असे त्याच्या चित्रकलेच्या मास्तरांनी छडीने शिकवले होते. त्याने एका बटनावर फोटो उलटा केला, उजेड शिस्तीत डावीकडून आला, आणि तो कामाला लागला.

चित्र बारा दिवसांत झाले. फेबियनच्या मते ते त्याचे आजवरचे सर्वांत चांगले चित्र होते. डोळ्यांत विनोद होता, बसण्यात जरा घाई होती, जणू माणूस आत्ता उठून कामाला जाईल. पाध्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "फार चांगलं आहे. थोडं बिघडवा."

कारण प्रपत्र आले होते. 'हस्तनिर्मिती पडताळणी प्रपत्र'. मानवी हात म्हटला की चूक आलीच, या तत्त्वावर ते बेतलेले होते. रकाना तीन : ब्रशचे फटकारे बोटाला लागतात काय? रकाना सात : रंगात ब्रशचा केस अडकलेला आहे काय, असल्यास कोठे? रकाना अकरा : रंगास भेगा. रकाना चौदा : वास. रकाना एकोणीस : ओघळ. रकाना तेवीस : चित्रकाराचा कंटाळा दर्शविणारी एक तरी जागा.

फेबियनने एक एक रकाना मनावर घेतला. चित्र कॅनव्हासवर छापून आणले आणि त्यावर बिनवासाच्या पारदर्शक लेपाचे जाड फटकारे मारले, म्हणजे बोटाला लागतील. पुन्हा संगणकावर बसून भेगा काढल्या. त्या कोटाच्या खांद्यावरून निघाल्या आणि मिशीच्या टोकापर्यंत आल्या. डाव्या कानात त्याने कंटाळा आणला. यासाठी त्याला चार दिवस मन लावून काम करावे लागले. डाव्या कॉलरवर ब्रशचा एक केस काढला, किंचित वाकडा, टोकाला दुभंगलेला. त्याची सावलीही काढली. त्या केसावर दोन रात्री गेल्या. पुन्हा छपाई झाली, पुन्हा लेप दिला.

"चेहऱ्यावर किती दिवस गेले?" कॅथरिनने विचारले.

"सहा."

"आणि चुकांवर?"

"सतरा."

लेप वाळत असताना त्यात एक डास येऊन बसला आणि अडकला. वसईचा खरा डास. फेबियनने तो काढला नाही. आयतीच सोय झाली, असे त्याला वाटले.

वासाचा प्रश्न राहिला होता. टर्पेंटाइन घरात येणे शक्य नव्हते. शेवटी कॅथरिननेच चौकटीच्या मागच्या लाकडाला जवसाचे तेल चोळले आणि वर निलगिरीचे चार थेंब टाकले. फेबियन ज्याची वाफ घेत असे तेच निलगिरी. "औषधी वास आला की लोकांना खरं वाटतं," ती म्हणाली.

पडताळणीचा दिवस ठरला. परिपत्रकानुसार तुलनेसाठी दोन चित्रे हवी होती. एकाच चित्रातून निवड केली तर पक्षपात होतो, असे खात्याचे म्हणणे. म्हणून पाध्यांनी दुसरे चित्र धर्मा पेंटरला सांगितले होते. धर्मा विरारचा. रेशन दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची कमळे रंगवण्यात त्याची हयात गेली होती. पण हात सच्चा. त्याने वाचनालयात दोन दिवस बसून, फोटोसमोर मांडी घालून रेखाटन केले, घरी जाऊन अस्सल तैलरंगात चित्र काढले, आणि दीड महिना पत्र्याखाली वाळवले. चित्र त्याने बायकोच्या नवीन साडीत गुंडाळून आणले.

सभागृहातल्या टेबलावर दोन्ही चित्रे शेजारी शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. पडताळणी अधिकारी संग्राम घरत आले. बरोबर भिंग, चिमटा आणि स्टुलावर चढण्यासाठी एक शिपाई. घरतांना सर्दी झाली होती. फेबियन दुसऱ्या चित्राच्या वासाला घाबरून नाकाला रुमाल लावून दाराशी उभा राहिला. तिथून त्याला फक्त आपली डावी कॉलर दिसत होती. तो तिच्याकडेच बघत होता.

घरतांनी आधी धर्माचे चित्र घेतले. भिंग नाकाखाली नेले, तिथे बोट फिरवले, हनुवटीपर्यंत आणले.

"सफाचट," ते म्हणाले. "काचेसारखं. इथे एकही फटकारा बोटाला लागत नाही. पेंटर, ब्रशचा केस कुठे आहे?"

"केस निघला व्हता, सायेब. मीच काढला चिमट्याने," धर्मा म्हणाला. "बरा नाय दिसत."

"का काढला?"

"घान हाय ना ती."

घरतांनी रकाना सातमध्ये फुली मारली. "ओघळ?"

"पुसला."

"भेगा?"

"सायेब, नवीन चित्राला भेगा कशा पडतील? रंग चांगला हाय."

"वास?"

"दीड महिना वाळवलं. वास ऱ्हाला तर काम कच्चं, असं आमचे बाप म्हनायचे."

घरतांनी खेदाने मान हलवली. त्यांनी शेरा लिहिला : 'सदर चित्रात मानवी हाताचा कोणताही पुरावा आढळत नाही. संगणकीय असण्याची दाट शक्यता.' धर्माने त्या शेऱ्याचा अर्थ पाध्यांकडून समजून घेतला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. नखांत अजून पिवळा रंग होता.

मग घरत फेबियनच्या चित्राकडे वळले. बोट फिरवले, फटकारे लागले. कान पाहून ते म्हणाले, "इथे तुम्ही कंटाळलात." फेबियनने नम्रपणे कबूल केले. भेगांचा माग काढत ते खांद्यापासून मिशीपर्यंत गेले आणि "वा" म्हणाले. कॉलरवरचा केस त्यांनी चिमट्याने उपटायचा प्रयत्न केला. तीनदा केला. केस हलला नाही.

"पक्का बसलाय," त्यांनी लिहून घेतले. "अस्सल वराहकेस."

मग ते चौकटीमागे वाकले आणि खोल श्वास घेतला. निलगिरीने त्यांचे चोंदलेले नाक चार दिवसांनी मोकळे झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "हाच," ते म्हणाले. "लहानपणी आमच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गात हाच वास यायचा."

फेबियनने रुमाल खाली केला. पण घरत थबकले होते. भिंग त्यांनी उजव्या बाहीवर धरले.

"हा डास," ते म्हणाले, "बनावट वाटतो."

फेबियनच्या छातीत दोन वर्षांपूर्वीची ती जुनी शिट्टी वाजू लागली. एवढ्या सगळ्या चुकांत एकच गोष्ट खरी होती आणि नेमकी तीच पकडली गेली होती.

"साहेब, तो खरा आहे."

"पाय बघा. खऱ्या डासाचे पाय इतके नीट पसरत नाहीत. कोणीतरी मांडल्यासारखे आहेत."

पाध्ये मध्ये पडले. "साहेब, डासाचा रकाना नाही. डास आपण प्रपत्राच्या बाहेर ठेवू."

घरतांनी प्रपत्र वरून खालपर्यंत पाहिले. रकाना नव्हता. त्यांनी चिमट्याने डास काढून शिपायाच्या हातावर ठेवला, एकतीसपैकी एकतीस गुण दिले आणि शिक्का मारला. 'संस्थापकांचे अस्सल, हाताने रंगविलेले तैलचित्र. चित्रकार : श्री. फेबियन तुस्कानो.' फेबियनने तो कागद घरी नेऊन कॅथरिनला दाखवला. तिने 'चित्रकार' या शब्दावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

धर्माच्या चित्राचा प्रश्न पाध्यांनी तिथल्या तिथे सोडवला. नामंजूर साहित्य परत करायचे तर कारण द्यावे लागते, आणि ठेवायचे तर उपयोग दाखवावा लागतो. त्यांनी धर्माकडूनच खाली 'चपला येथे काढाव्यात' असे लिहून घेतले आणि चित्र जिन्याखाली लावले. अक्षर धर्माचे सुंदर होते, हे सगळ्यांनी मान्य केले.

अनावरण ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी झाले. प्रमुख पाहुण्या म्हणून संस्थापकांच्या कन्या जयवंतीबाईंना नाशिकहून बोलावले होते. वय चौऱ्याहत्तर. धर्माही आला होता, मागे उभा होता. फेबियनने लग्नातला कोट घातला होता. पाध्यांनी भाषणात भेगांचा, फटकाऱ्यांचा आणि वराहकेसाचा गौरव केला. जयवंतीबाईंनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतले लोक उठून कॉलरवरचा केस शोधू लागले.

जयवंतीबाईंनी चित्र जवळून पाहिले, मग लांबून पाहिले.

"फार छान काढलंय हो," त्या म्हणाल्या. "कोणाचं आहे?"

पाध्ये हसले. "बाईंनी विनोद केला."

"विनोद नाही. हा बस्त्याव. खुर्च्यावाला. उद्घाटनाला खुर्च्या त्याच्याकडून भाड्याने आणल्या होत्या. फोटोत एक खुर्ची रिकामी दिसत होती म्हणून माझ्या वडिलांनीच त्याला बसवलं. चांगला माणूस होता. पण माझे वडील नव्हेत."

फेबियनला एका क्षणात सगळे समजले. उजेड डावीकडे आणताना त्याने सहाही माणसे फिरवली होती, आणि डावीकडून दुसरे मोजले ते त्यानंतर. त्याने पाध्यांना बाजूला घेतले.

"सर, चूक माझी आहे. फोटो उलटा होता. दोन आठवडे द्या, मी पाटीवर नवीन काढतो."

"नवीन कशाला?"

"हे संस्थापक नाहीत."

"प्रमाणपत्रावर काय लिहिलंय?" पाध्यांनी आवाज न चढवता विचारले. "एकतीस रकाने आहेत. त्यात 'कोणाचं' असा रकाना आहे का? नाही. तुम्ही चूक मान्य केली की त्रुटी नोंदवावी लागेल. त्रुटी नोंदवली की कलम नऊ. सभागृह, पंधरा दिवस, प्रत्यक्ष तेल. खिडक्यांचं मी सांगितलं आहेच."

फेबियनने कॅथरिनकडे पाहिले. ती दुसऱ्या रांगेत बसून त्याच्याच छातीकडे बघत होती. त्याने एक श्वास घेतला. तो छान खोल गेला, कुठे अडकला नाही. मग तो जागेवर जाऊन बसला.

पुढची कार्यवाही नियमानुसार झाली. प्रमाणित चित्रातली व्यक्ती संस्थापक असल्याचे कार्यकारिणीने एकमताने मान्य केले. उद्घाटनाच्या फोटोखालच्या ओळीवर नवी पट्टी चिकटवली, 'उजवीकडून दुसरे : संस्थापक'. डावीकडून दुसऱ्या गृहस्थांच्या खाली 'खुर्च्यांची व्यवस्था' असे लिहिले. वाचनालयाला वरचा वर्ग मिळाला. फेबियनला आणखी नऊ संस्थापकांची चित्रे मिळाली. केस काढण्यात आता त्याचा हात धरणारा कोणी नाही.

त्या दिवशी जयवंतीबाई निघाल्या तेव्हा चपला घालायला जिन्याखाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. समोर चपलांच्या वर त्यांचे वडील होते. डोळे, कपाळ, ओठांची ती एक बाजू किंचित खाली झुकलेली, सगळे तेच. त्यांनी पदराने चित्रावरची धूळ पुसली.

"हे कोणी काढलं?"

"मी," मागून धर्मा म्हणाला.

"अहो, मग तुम्ही सांगितलं का नाही? दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती म्हणे. दोन वेगळी माणसं दिसतायत ना सरळ."

"मला वाटलं दोन येगळी मानसंच पाहिजेत," धर्मा म्हणाला. "मला केसाबद्दल इचारलं, वासाबद्दल इचारलं. मानसाबद्दल कोनी इचारलंच नाय, बाय."

एका चित्रातल्या माणसाला मिशी होती आणि दुसऱ्यातला नाकाखाली सफाचट होता, ही गोष्ट त्या दिवशी भिंग घेऊन तपासणाऱ्यांच्या लक्षात आली नाही, यात नवल काही नाही. ती वर दोन ठिकाणी स्पष्ट लिहिलेली आहे आणि वाचकांनीही केसच पाहिला. संस्थापकांचे नाव काय होते, हेही आतापर्यंत कोणी विचारलेले नाही.